कोठीतल्या गव्हापासून तेलाच्या डब्यापर्यंत: घरखर्च वाचवताना या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. दोन दिवस गच्चीवर वाळवलेला चाळीस किलो गहू मी उन्हातून उचलला आणि सरळ कोठीत ओतला. वरून कडुलिंबाचा पाला घातला, झाकण घट्ट दाबलं. सुगीतला भाव होता, किलोमागे पाच रुपये वाचले म्हणजे दोनशे रुपये हातात राहिले, असा माझा हिशोब. गणपतीच्या तयारीला कोठी उघडली तर तळाच्या गव्हाला कोंदट वास आणि वरचा सोंड्यांनी भरलेला. बारा किलो गहू शेजारच्यांच्या कोंबड्यांना गेला. दोनशे वाचवायला गेले आणि चारशेच्या वर घालवले.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "भरायच्या आधी गहू गार होऊ दिलावतास का गं?"

नव्हता होऊ दिला. गरम धान्य बंद पत्र्यात गेलं की त्यातली वाफ आतल्या आत पत्र्याला धरते, धान्याला घाम सुटतो. त्यात मी पालाही ओला घातला होता. सोंडे बाहेरून येतात असा आपला समज असतो, पण त्यांची अंडी बऱ्याचदा दाण्याच्या आतच असतात. धान्य कोरडं असेल तर त्यांची वाढ मंदावते, ओल मिळाली की ती झपाट्यानं होते. म्हणून गहू दाताखाली धरून बघायचा. कट्‌ असा आवाज होऊन दाणा फुटला तर वाळला, नुसता दबला तर अजून एक ऊन द्यायचं. संध्याकाळी सावलीत पसरून रात्रभर गार होऊ द्यायचा आणि सकाळी भरायचा. कडुलिंबाचा पाला घालायचाच असेल तर हातात चुरेल इतका वाळवून. तूरडाळीला हाताला लावून चोळण्यापुरतं एरंडेल पुरतं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या घरात आणू नका. त्यातल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडला हवेतली ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो आणि तो जीव घेतो. आपल्या घरांतून कोठी बऱ्याचदा झोपायच्या खोलीतच असते. चार किलो गव्हापायी ही जोखीम कुणी घेऊ नये. पाऱ्याच्या गोळ्यांचंही तेच, पारा खायच्या वस्तूंजवळसुद्धा नको.

बेगमीतली दुसरी चूक मापाची. सासूबाईंच्या काळात घरात दहा माणसं जेवायची, तेव्हा दोन पोती गहू आणि पोतंभर शाळू लागायचा. आता घरात चौघं, त्यात मुलगा शिकायला पुण्याला. तरी दरवर्षी माप तेच धरलं जायचं, कारण "आपल्यात एवढं भरतात". मी आता एक साधा उपाय केला. पीठ दळून आणलं की कॅलेंडरवर त्या तारखेला किलो लिहायचे. तीन महिन्यांत कळलं की आम्हाला महिन्याला आठ किलो गहू आणि पाच किलो ज्वारी लागते. गव्हाची वर्षाची गरज शंभर किलोच्या आत निघाली आणि त्यातलीही मी सहा महिन्यांचीच भरते. भाव थोडा चढा पडला तरी किडलेल्या धान्यापेक्षा तो स्वस्तच.

सांगलीत राहणाऱ्यांनी तर बेगमी कुठं ठेवायची याचाही विचार करायला हवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांची वर्षाची कोठी एका रात्रीत गेली. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद टिकवणारी ही पेवं २००५ च्या पुरात पाण्याखाली गेली. नदीकाठच्या भागात घर असेल तर जूनच्या आधी मोठी साठवण करूच नका, किंवा केलीत तर वरच्या मजल्यावर. आणि कोठी एकच मोठी नको. पंधरा-वीस किलोचे डबे असले तर घाईत दोन माणसं उचलून नेऊ शकतात, आणि एका डब्याला कीड लागली तर बाकीचे वाचतात.

चटणीचं तसंच. आपल्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसणाचं वर्षाचं तिखट, त्यात काटकसर करायची तर मिरची घेतानाच. भावात पाच-पंचवीस रुपये कमी म्हणून गेल्या वर्षीची मिरची घेतली की रंग उतरलेला असतो, मग रंगासाठी ब्याडगी जास्त घालावी लागते आणि खर्च तिथंच येतो. मिरची मुठीत दाबा. कोरडी कुरकुरते, पाणी मारलेली नुसती वाकते. वाकणाऱ्या मिरचीबरोबर आपण पाणीही मिरचीच्या भावानं विकत घेतो. देठ खुडल्यावर आणि ऊन दिल्यावर वजन आणखी उतरतं, ते आधी धरून माप काढा, नाहीतर कुटायला डंकावर गेल्यावर मसाला जास्त आणि मिरची कमी अशी गत होते.

पावसाळ्यात चटणीला बुरशी येते ती बहुतेक कांद्यामुळं. कांदा उन्हात सुकवून मग तेलात तांबूस आणि कोरडा होईपर्यंत तळला नाही तर त्यातलं पाणी चटणीत उतरतं. खोबरं जुनं असलं तर सगळी बरणी खवट होते, म्हणून वाटी फोडून तुकडा चाखल्याशिवाय घेऊ नका. चटणी गार झाल्यावर कोरड्या बरणीत दाबून भरायची, खाली-वर मीठ आणि हिंगाचे खडे. रोजच्या वापराची छोटी बरणी वेगळी ठेवायची. मोठ्या बरणीत ओला चमचा एकदा गेला की वर्षाची मेहनत गेली.

हळदीच्या गावात राहून हळद पुडीतली का घ्यायची, हे मला अजून कळलेलं नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळकुंडं इथं सहज मिळतात, मोडून बघता येतात. टणक असलं पाहिजे, आतून गडद केशरी-पिवळं. किलोभर दळून घेतली तर चौघांना सहज वर्ष जातं. सुटी पावडर घेतलीच तर पाण्याच्या ग्लासात चमचाभर टाकून ढवळू नका, नुसतं थांबा. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर त्यात रंग आहे.

आता तेल. यात भले भले फसतात, मी स्वतः कित्येक वर्षं फसले. पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात. पण खाद्यतेलाचं एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पंधरा लिटरच्या डब्यात तेल भरतं सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. समजा, लिटरचा डबा २,१०० रुपयांना आहे आणि किलोचा २,२५०. लिटरचा दीडशेनं स्वस्त दिसतो, पण तो पडतो किलोला जवळजवळ १५४ रुपये आणि किलोचा डबा पडतो १५०. पिशव्यांतही असंच. एकावर एक लिटर, दुसरीवर ८५० ग्रॅम, तिसरीवर ७५० ग्रॅम, आणि आकार डोळ्याला सारखाच. पाकिटावर आता एकक विक्री किंमत छापावी लागते: किलोच्या आतल्या मालावर ग्रॅमची, त्यावरच्या मालावर किलोची. अक्षर बारीक असतं, पण घरात चष्मा विसरला असेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली.

आणि मोठं पाकीट स्वस्त पडतं हा नियम धरून चालू नका. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरला अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त निघते. बाटलीतून हातावर घेताना अंदाज राहत नाही तो तोटा वेगळा. बिस्किटांतही पाच-दहा रुपयांच्या पुड्याचा भाव एकदा काढून बघाच. "एकावर एक मोफत" दिसलं की आधी तारीख बघायची. "बेस्ट बिफोर" म्हणजे त्यानंतर चव आणि कस उतरतो. "यूज बाय" किंवा "एक्सपायरी" असेल तर त्यानंतर ती वस्तू पोटात जाऊ द्यायची नाही.

साबणाबद्दल थोडं. बोअरच्या पाण्यात कपड्याची वडी झिजते पण फेस येत नाही. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून त्याचा चोथा करतात. तोच पांढरट थर बादलीला आणि कपड्याला बसतो. तिथं आणखी साबण चोळणं म्हणजे आणखी चोथा करणं. जड पाण्याला साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट पावडर बरी, आणि नळाचं पाणी येतं तेव्हा धुणं उरकलं तर त्याहून बरं. मशीनमध्येही पावडर मापाच्या चमच्यानं घाला. फेस जास्त झाला तर खळबळायला पाणी आणि वीज दुप्पट जाते.

भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांवरून घासाघीस करणारी मंडळी घरी येऊन कोथिंबिरीची जुडी ओलीच फ्रीजमध्ये कोंबतात आणि चौथ्या दिवशी टाकून देतात. जुडी निवडून, पाणी निथळून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडा काढते. कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत.

राहिला गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या कड्याजवळ रंगवलेलं असतं. ते १५.९ असेल तर भरलेला ३०.१ किलो भरला पाहिजे. सिलिंडर आणणाऱ्याकडून काट्यावर वजन करून घेणं हा आपला हक्क आहे. मी पहिल्यांदा मागितलं तेव्हा तो मुलगा चपापला, पण काटा गाडीतच होता. सील शाबूत आहे का हेही त्याच्यासमोरच बघून घ्या. ज्योत पिवळी येत असेल तर बर्नरची भोकं टाचणीनं साफ करा, कारण पिवळी ज्योत भांडं काळं करते आणि गॅस पुरता जळत नाही.

वजन कमी भरलं, किंवा छापील किमतीपेक्षा कुणी जास्त घेतलं, तर पावती आणि पाकीट दोन्ही जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथं तक्रार नोंदवता येते. आमच्या स्वयंपाकघरात तो कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलेला आहे, पिठाच्या किलोंच्या शेजारी.