माळ्याच्या हातून बाग बिघडली तर

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात एका रविवारी मी साताऱ्याहून परत आले आणि फाटकातच थांबले. कुंपणावरून रस्त्यापर्यंत झुकलेला आमचा पारिजातक दिसेना. आत आले तर छातीएवढ्या उंचीवर चार थोटकं उरलेली, आणि एका थोटकाची साल हातभर सोलून खाली लोंबत होती. फांद्यांचा ढीग नीट रचून कोपऱ्यात ठेवलेला. अंगण झाडून लख्ख.

ते झाड सासूबाईंनी घराची वास्तुशांत झाली त्या वर्षी लावलेलं. श्रावण लागला की रात्री त्या झाडाखाली धुतलेलं जुनं धोतर अंथरायच्या आणि पहाटे चारही कोपरे धरून फुलं उचलायच्या. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालतं ते पारिजातकाचंच. सासूबाई गेल्यावर हे काम मी करते. म्हणून त्या दुपारी मला नुसता राग आला नाही, रडू आलं. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर पुढचं तुमच्यासाठी लिहिते आहे.

पहिली गोष्ट, माळ्याला लगेच फोन करू नका. मी फोन हातात घेतला होता, तो खाली ठेवला. रागात बोललेलं माळी विसरत नाही, आपणही विसरत नाही, आणि झाडाला त्यातून काही मिळत नाही. आधी फोटो काढा: पूर्ण झाडाचा एक, प्रत्येक जखमेचा जवळून एक, मुळाशी काही टाकलं असेल तर मातीचा एक. मग झाड जिवंत आहे का ते पाहा. नखाने साल जराशी खरवडायची. खाली हिरवं आणि ओलं दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर थोडं खाली सरकून पुन्हा बघायचं. आमच्या चारही थोटकांत हिरवं होतं.

जखमेचं काम मात्र त्याच दिवशी करावं, पावसाळ्यात तर नक्कीच. साल तासाभरापूर्वीच सुटली असेल तर ती परत दाबून कापडाने बांधता येते. वाळली असेल तर उपयोग नाही. मग धारदार, स्पिरिटने पुसलेल्या चाकूने लोंबणारी साल घट्ट चिकटलेल्या भागापर्यंत कापून कड गुळगुळीत करायची. त्यावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशी रोखणारा लेप. कोकणातले आंबेवाले आणि सोलापूरकडचे डाळिंबवाले हीच वापरतात. घरच्यापुरतं प्रमाण असं: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतायचं आणि लाकडाने ढवळायचं. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालायचा. हातमोजे घालायचे, लहान मुलांना लांब ठेवायचं, आणि केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवायची. उद्यासाठी ठेवू नये.

आणि खत घालू नका. झाड आजारी दिसलं की आपला हात खताकडे जातो, पण पानं नसलेल्या झाडाला खत पचत नाही. फुटवे हातभर होईपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात छाटणी झाली असेल तर उघड्या पडलेल्या खोडाला पातळ चुना फासा, नाहीतर उन्हाने साल भाजते.

पुढच्या रविवारी आमचे माळी आले, त्यांना आम्ही मामा म्हणतो. वयाने साठीचे, सांगोल्याकडचे, आमच्याकडे तेव्हा चार महिने येत होते. मी त्यांना झाडापाशी नेलं आणि विचारलं, "मामा, हे कशासाठी कापलंत?" "का कापलंत" असं मुद्दाम विचारलं नाही. "का"ला माणूस सफाई देतो, "कशासाठी"ला कारण सांगतो.

मामा म्हणाले, "ताई, मृग होऊन गेला. छाटलं की फुटणार, फुटलं की फुलणार. आणि तुम्हीच म्हणाला होता, मी येईपर्यंत सगळं साफ करून टाका."

दोन्ही खरं होतं. सांगोला म्हणजे डाळिंबाचा मुलूख. मृग बहार धरायचा तर बागेला उन्हाळ्यात पाण्याचा ताण देतात, पानगळ करतात, छाटतात, आणि पाणी सुरू झालं की झाड कळ्यांनी भरतं. मामांनी उभं आयुष्य हेच केलेलं. त्यांचं ज्ञान पक्कं होतं, ते दुसऱ्या झाडाचं होतं. पारिजातक श्रावणापासून फुलतो तो पावसाळ्याच्या तोंडाशी आलेल्या कोवळ्या फुटीवर. ती फूटच आषाढात काढली तर फुलायला उरतं काय? त्याची छाटणी फुलं संपल्यावर, हिवाळा सरताना करायची. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला हवं होतं ते मी.

"साफ" या शब्दाबद्दल मी त्यानंतर खूप विचार केला. आपण सगळेच माळ्याला हा शब्द देऊन जातो. तो खुरपं घेऊन साफ करतो तेव्हा आपोआप उगवलेली तुळशीची रोपं जातात, हिवाळ्यात पानं वाळवून जमिनीत झोपलेली हळद जाते, मे फ्लॉवरचे कांदे मातीसकट कचऱ्यात जातात, झाडाखालचा पाचोळा जातो, जो खरं तर मुळांचं पांघरूण असतो. आणि उघडी माती बघून आपण म्हणतो, वा, छान दिसतंय. माळी आपल्या चेहऱ्याकडे बघून शिकत असतो. आता मी "साफ करा" म्हणतच नाही. "वाटेवरचं गवत काढा", "वाळलेली फांदी तेवढी कापा", "पाचोळा आंब्याच्या बुंध्यापासून वीतभर लांब पसरा" असं सांगते. एका फेरीला दोन कामं, फार तर तीन.

पैशाबद्दल. त्या दिवसाचा मोबदला मी कापला नाही. त्यांनी दिवसभर मेहनत केली होती, आणि पारिजातकाची किंमत कापलेल्या शंभर-दोनशे रुपयांत भरून निघण्यासारखी नव्हती. त्याऐवजी मी म्हटलं, हे झाड आता आपण दोघांनी मिळून वर आणायचं. तीन आठवड्यांत थोटकांवर गुच्छासारखे फुटवे आले. प्रत्येक थोटकावर बाहेरच्या दिशेला जाणारे, एकमेकांपासून लांब असे तीन ठेवून बाकीचे मामांनीच बोटाने खुडले.

हे झालं एकट्या माळ्याचं. बागकामाची कंपनी किंवा ठेकेदार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गप्प राहू नका. त्याच दिवशी फोटो आणि काय नुकसान झालं ते मेसेजवर लेखी पाठवा, रोप बदलून किंवा बिलातून वजावट मागा, आणि मुदत घाला. ऐकलं नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आपण स्वतः महिन्यावर ठेवलेल्या माळ्याला मात्र हा कायदा सहसा लागू होत नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वैयक्तिक सेवेचा करार वगळलेला आहे. तिथे आपली बोलणीच कामाची.

मोठ्या झाडाबाबत आणखी एक माहीत असू द्या. महाराष्ट्रात शहरी हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, आणि त्यात "झाड तोडणे" या व्याख्येत झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. झाड आपल्या आवारातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष मानली जातात. विचारणा घरमालकाकडे येते. तेव्हा जाड फांदीला कोयता लावण्याआधी विचारायचं, हे माळ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

आता खताचं आणि औषधाचं, कारण कोयत्यापेक्षा जास्त झाडं त्यांनी जातात.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. कुंडीत मूठभर युरिया म्हणजे सहज पन्नास ग्रॅम. दोन-चार दिवसांत पानांच्या कडा करपतात आणि पाणी असूनही झाड मान टाकतं. दाणे दिसत असतील तर वरची दोन बोटं माती काढून टाका. मग कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतकं पाणी, निथळू देत, तीन-चार वेळा घाला. कुंडी सावलीत ठेवा, आणि दोन महिने खताचं नाव नको. आमचं लिंबू असं वाचलं. मोगऱ्याची एक कुंडी वाचली नाही.

तणनाशकाचं दुःख मोठं आहे. मामांच्या आधीच्या माळ्याने फरशांच्या फटीतलं गवत मारायला तणनाशक फवारलं, आणि त्याच पंपात पुढच्या आठवड्यात निंबोळी अर्क भरून जास्वंदीवर मारला. पंधरा दिवसांत जास्वंदीची नवी पानं दोरीसारखी अरुंद आणि पिळवटलेली यायला लागली. विचारलं तर म्हणाला, रोग आहे. पुन्हा विचारलं, मग म्हणाला, पंप धुतला होता. गॅरेजमध्ये बाटली सापडली तेव्हा म्हणाला, ती माझी नाही.

तणनाशक पानावर पडल्याचं तासा-दोन तासांत कळलं तर भरपूर पाण्याने धुऊन काढा, काही तरी वाचेल. झाडाने ते आत घेतल्यावर उतारा नाही. वेडीवाकडी फूट कापायची, पाणी बेताचं ठेवायचं आणि वाट बघायची. ती कापलेली फूट कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि फवारलेलं गवत कोणाच्या गाईपुढे जाऊ देऊ नका. तणनाशकाचा पंप वेगळा हवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा हवा. आम्ही आता तणनाशक आणतच नाही. फरशांच्या फटीत उकळतं पाणी ओततो, कोवळं तण त्याने मरतं.

त्या माळ्याला मी थांबवलं. जास्वंद गेली म्हणून नाही. तो तीन वेळा खोटं बोलला आणि बाटलीतलं काय कुठे मारलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही म्हणून. चुकलेला माणूस शिकतो, पण विष कुठे पडलं हे लपवणाऱ्याच्या हाती मी कढीलिंबाचं झाड देऊ शकत नाही. त्याची पानं आमच्या फोडणीत जातात. न विचारता रोपं बाहेर नेणं हेही माझ्या लेखी त्यातच येतं. थांबवताना महिन्याचे पूर्ण पैसे हातात द्या, फाटकाची किल्ली परत घ्या, कारण एका वाक्यात सांगा. शेजारणींनी विचारलं तर घडलं तेवढंच सांगा, त्याच्या पोटावर पाय येईल असं वाढवून बोलू नका.

मामांबरोबर आम्ही जी व्यवस्था बसवली ती दोन वर्षं चालते आहे. जुन्या सुती साडीच्या चिंध्या केल्या. लाल चिंधी बांधलेल्या झाडाला हात लावायचा नाही. पिवळी असेल तर वाळलेलं तेवढं काढायचं. हिरवी असेल तर छाटायचं, पण चिंधी जिथे बांधली आहे त्याच्या वरच. मामांना वाचता येतं, पण ओल्या हातांनी कागद कोण धरणार? जमिनीत कांदे झोपले आहेत तिथे बांबूची काडी रोवलेली असते. स्वयंपाकघराच्या दारामागे महिन्यांचा कागद आहे: मोगरा माघात, फुलं धरायच्या आधी. गुलाब पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. हापूस फळं उतरल्यावर लगेच, दिवाळीनंतर कधीच नाही, कारण मोहोर फांद्यांच्या टोकांना येतो आणि टोकं कापली की त्या वर्षीचा आंबा कापला. शेवटची ओळ मामांनी सांगून लिहवून घेतलेली आहे: सीताफळ पानं गळाल्यावर. ते मला माहीत नव्हतं.

हत्यारंही घरची घेतली, छाटणीची कात्री आणि लहान वाकडी करवत. कोयत्याने जाड फांदी तोडली की ती पडताना साल ओढून नेते, आमच्या पारिजातकाचं तेच झालं होतं. करवतीने तीन काप घ्यायचे. पहिला खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूने, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, म्हणजे फांदी साल न सोलता मोडून पडते. तिसऱ्याने उरलेलं थोटूक काढायचं, पण फांदी खोडाला मिळते तिथली फुगीर वळी सोडून. जखम भरते ती त्या वळीतून. मामांनी हे एकदाच पाहिलं आणि पुढच्या रविवारी माझ्यापेक्षा सफाईने केलं.

त्या वर्षी गणपतीत एकही फूल नव्हतं. दिवाळीच्या सुमारास दोन फांद्यांना थोडी आली. गेल्या भाद्रपदात मात्र धोतर पुरेना, शेजारी चादर अंथरावी लागली. येत्या माघात मी महिनाभर मुलीकडे नाशिकला असेन. मोगऱ्याला हिरवी चिंधी बांधून ठेवली आहे, पारिजातकाला लाल. मामा म्हणाले, "ताई, मी तिथला फोटो पाठवतो, तुम्ही हो म्हणा, मगच कात्री लावतो."