जुन्या पेटीतला क्विअर इतिहास जपताना या चुका टाळा

नॉर्वेतल्या हॉर्टन गावात १८९५च्या सुमारास बोलेत बर्ग आणि मारी हेग या दोघी फोटो स्टुडिओ चालवायच्या. दोघी गेल्यावर कित्येक वर्षांनी त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा साठा लोकांच्या हाती आला. त्यातल्या एका पेटीवर ‘खासगी’ असं लिहिलेलं होतं. आत स्टुडिओतल्या नेहमीच्या फोटोंसारखं काहीच नव्हतं. कुठे मारीने मिशा लावल्या आहेत, कुठे ती पुरुषाच्या वेशात ऐटीत उभी आहे, कुठे सिगारेट ओढते आहे. पेटी जुनी आणि धुळकट म्हणून कुणी फेकून दिली असती आणि काचा पुसून नव्या खोक्यात भरल्या असत्या, तर फोटो उरले असते, पण तो एक शब्द गेला असता. हे फोटो त्या दोघींनी जगासाठी काढले नव्हते, हे मग आपल्याला कसं कळलं असतं?

समलिंगी, पारलिंगी, क्विअर (म्हणजे स्त्री-पुरुषाच्या ठरीव चौकटीत न बसणाऱ्या) माणसांच्या खुणा द्वेषाने जाळल्या गेल्या, हे खरंच आहे. पण तेवढंच नुकसान प्रेमाने आणि काळजीने ‘आवरून ठेवणाऱ्या’ हातांनीही केलं आहे. आपण शोधायला बसतो तेव्हा आपलेही हात तेच करू शकतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी आवरायचं, मग बघायचं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पत्रांचा गठ्ठा सापडला की आपण लगेच तारखेप्रमाणे लावतो, ‘कामाची’ पत्रं वेगळी काढतो आणि पाकिटं, बसची तिकिटं, चिठोऱ्या टाकून देतो. मात्र कोणती पत्रं एकाच फितीत बांधली होती, कोणता फोटो कोणाच्या पत्रात घडी करून ठेवला होता, हीच बरेचदा खरी माहिती असते. दोन बायकांनी चाळीस वर्षं एकमेकींना लिहिलेल्या पत्रांत ‘प्रेम’ हा शब्द एकदाही नसेल, पण ती सगळी पत्रं उशाशी एका डब्यात असतील.

चिठोरीचं मोल ॲन लिस्टरच्या रोजनिशीवरून कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यॉर्कशरमधल्या या जमीनदार बाईने लाखो शब्दांची रोजनिशी लिहिली. तिचा सुमारे सहावा हिस्सा ग्रीक अक्षरं आणि बीजगणिताची चिन्हं मिसळून बनवलेल्या सांकेतिक लिपीत आहे आणि बायकांवरच्या तिच्या प्रेमाची हकिकत त्यातच आहे. १८९०च्या दशकात तिच्या घराण्यातला जॉन लिस्टर आणि त्याचा मित्र आर्थर बरेल यांनी ती लिपी सोडवली. किल्ली मिळाली एका कागदाच्या तुकड्यावरून. त्यावर ‘देवावरच माझी...’ अशा अर्थाचं वाक्य होतं आणि पुढचा शब्द चिन्हांत होता. तो ‘आशा’ असणार, हे त्यांनी ओळखलं आणि तिथून अक्षरं सुटत गेली. रोजनिशी वाचून बरेल हादरला आणि जाळून टाक म्हणाला. जॉनने जाळली नाही, भिंतीच्या लाकडी तक्तपोशीमागे परत ठेवून दिली. संशोधक हेलेना व्हिटब्रेड यांनी त्यातला निवडक भाग १९८८ मध्ये छापला.

तेव्हा पेटी उघडली की हात लावायच्या आधी फोटो काढा. एक वरून, मग प्रत्येक थर उचलताना एकेक. क्रम बदलू नका. नंबर टाकायचे तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, हलक्या हाताने. बॉलपेनने फोटोच्या मागे लिहिलं की तो दाब पुढच्या बाजूला उठतो आणि पुन्हा जात नाही. फाडलेलं पान, खोडलेलं नाव, मधूनच गायब झालेली दोन वर्षांची पत्रं, यांचीही नोंद करा. कुणीतरी घाबरून काही नाहीसं केलं, हासुद्धा पुरावाच आहे.

आजचा शब्द घालून जुना कागद शोधायचा

‘काहीच सापडत नाही’ ही नेहमीची तक्रार. ‘होमोसेक्शुअल’ या अर्थाचा जर्मन शब्दच मुळी १८६९ मध्ये कार्ल मारिया केर्टबेनी यांच्या लेखनातून छापील जगात आला. त्याआधीच्या दप्तरांच्या सूचीत तो कसा असेल? ‘अनैसर्गिक गुन्हा’, ‘पुरुषवेश’, ‘स्त्रीवेश’, ‘सोबतीण’, ‘जिवलग मित्र’, ‘अविवाहित’ असं शोधा. मृत्युपत्रात घर कोणाच्या नावे केलं ते बघा, जनगणनेत एका पत्त्यावर कोण राहत होतं ते बघा, थडग्यावरचं दुसरं नाव बघा. थडगं नेहमीच खरं बोलेल असं मात्र नाही. न्यूयॉर्कच्या फोटोग्राफर ॲलिस ऑस्टेन आणि त्यांची अनेक दशकांची सोबतीण गर्ट्रूड टेट यांना शेजारी शेजारी चिरनिद्रा हवी होती, पण घरच्यांनी ते होऊ दिलं नाही.

कोर्टाच्या आणि पोलिसांच्या दप्तरांत खूप काही मिळतं, पण तिथे एक सापळा आहे. १७२६ मध्ये लंडनमधल्या मार्गारेट क्लॅपच्या घरावर धाड पडली. तिथे पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष जमत. त्यांची बरीचशी माहिती आपल्याला खबऱ्यांच्या साक्षीतून मिळते आणि त्या साक्षींवर तिघांना फाशी झाली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ब्रिटिशांनी हिजड्यांच्या नोंदवह्या ठेवल्या, त्याही संशयाच्या नजरेने. अशा कागदातून नाव, वय, गल्ली, कपडे एवढं घ्यावं. विशेषणं लिहिणाऱ्याची असतात, ती आपल्या टिपणात उतरवली तर अवतरणचिन्हात ठेवा.

तो, ती आणि ते

मायकेलअँजेलोच्या कविता त्याच्या पुतण्याच्या मुलाने १६२३ मध्ये छापल्या तेव्हा पुरुषाला उद्देशून असलेली सर्वनामं बदलून स्त्रीलिंगी केली. बिचाऱ्याला घराण्याची अब्रू सांभाळायची होती. मूळ पाठ छापला जायला १८६३ उजाडलं. दोनशे चाळीस वर्षं लोक दुसऱ्याच कुणाच्या कविता वाचत होते, असंच म्हणायला हवं.

मराठीत लिहिणाऱ्याला ही चूक नकळत होते, कारण आपल्या क्रियापदालाच लिंग असतं. फारसीत ‘तो’ आणि ‘ती’ला एकच सर्वनाम आहे. तिथली गझल मराठीत आणताना ‘आली’ लिहावं की ‘आला’, हे ठरवावंच लागतं आणि सवयीने ‘आली’ लिहिलं जातं. आदरार्थी ‘आले’, ‘आल्या’ने सुटका होत नाही. अठराव्या शतकातली फ्रेंच मुत्सद्दी आणि हेर शव्हालिए देऑन ही व्यक्ती ४९ वर्षं पुरुष म्हणून आणि नंतरची ३३ वर्षं स्त्री म्हणून जगली. सूचीत एका ओळीत काय लिहाल? मी अशा वेळी ‘देऑनचं चित्र’, ‘देऑनची पत्रं’ अशी वाक्यरचना करते आणि व्यक्तीने स्वतःसाठी कोणतं नाव, कोणतं लिंग कधीपासून वापरलं ते वर्षासकट खाली देते. मूळ मजकुराची नक्कल करताना मात्र एक वेलांटीही सुधारत नाही. व्याकरणाची चूक वाटली तरी नाही, कारण ती चूक नसून स्वतःची ओळख सांगणं असू शकतं.

देऑनचंच एक तैलचित्र कित्येक वर्षं ‘अनोळखी स्त्री’ म्हणून फिरत होतं. साफसफाई झाल्यावर हनुवटीवर दाढीचे खुंट दिसले आणि चित्रकार टॉमस स्टुअर्टची सही सापडली. २०१२ मध्ये ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने घेतलं. जुन्या चित्राखालचं नाव ही कुणीतरी केलेली अटकळ असू शकते. उलट बाजूही तितकीच खरी. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोत दोन पुरुष हात धरून बसलेत म्हणून ते प्रेमीच होते असं नाही, तेव्हा मित्रही असेच बसत. दिसतं तेवढं लिहा, तर्क वेगळ्या ओळीत आणि तर्क म्हणूनच लिहा.

कागद, फिल्म, टेप बिघडलेत तर

चिकटपट्टी आणि लॅमिनेशन या दोन गोष्टी घरात आणूच नका. लॅमिनेशन परत सोडवता येत नाही, चिकटपट्टी पिवळी पडून शाई खाते. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून सोडवायचा तर आधी पूर्ण पान स्कॅन करा, मग दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. फॅक्स आणि थर्मल कागदावरचा मजकूर उडून जातो, त्यामुळे १९८०च्या दशकातली पत्रकं सगळ्यात आधी हाती घ्या.

फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट फिल्म सडू लागली आहे. ती बाकीच्यांपासून दूर, थंड जागी ठेवा आणि तिची नक्कल आधी करून घ्या. १९५०च्या आधीची सिनेमाची रीळ नायट्रेटची असू शकते आणि ती भडकन पेट घेते, म्हणून ती घरात न ठेवता तज्ज्ञांकडे द्या. कॅसेटला बुरशी दिसली तर लावून बघू नका, बुरशी प्लेअरमधून पुढच्या कॅसेटला लागते. चांगल्या कॅसेटच्या मागच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी (टॅब) मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही.

एकच प्रत, एकच खोली

मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये बर्लिनमध्ये लैंगिकता-अभ्यासाची संस्था काढली. ६ मे १९३३ रोजी नाझींनी ती लुटली आणि १० मेच्या रात्री हजारो पुस्तकं चौकात जळली. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशात होते. स्कॅन केलेल्या फाइली म्हणूनच तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. पण त्याच संस्थेचा इतिहास आणखी एक गोष्ट शिकवतो. अशा दप्तरात जिवंत माणसांची नावं असतात आणि चुकीच्या हातात पडली तर ती छळायच्या माणसांची यादी होते. हयात व्यक्तीची ओळख तिच्या परवानगीवाचून उघड करू नका. देणाऱ्याने ‘माझ्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी उघडा’ म्हटलं तर तसं लेखी घ्या आणि पाळा.

हिर्शफेल्ड १९३५ मध्ये वारले. त्यांचे साथीदार ली शिउ टाँग त्यांच्या काही वस्तू घेऊन देशोदेशी राहिले आणि १९९३ मध्ये व्हँकुव्हरमध्ये वारले. त्यानंतर इमारतीच्या कचऱ्यात त्यांचं सामान एका शेजाऱ्याला दिसलं. त्यात हिर्शफेल्ड यांचा मृत्यूनंतर घेतलेला मुखवटा होता. शेजाऱ्याने ते उचलून घरी आणलं आणि इंटरनेटवर एक छोटी सूचना टाकली. ती जर्मनीतल्या संशोधकांच्या नजरेला पडेपर्यंत आठेक वर्षं गेली. तेवढी वर्षं त्याने सामान सांभाळून ठेवलं होतं.