इंदूरमध्ये सिटी बस मागायला निघालात? या चुका टाळा

आमच्या कॉलनीचं बससाठीचं पहिलं निवेदन मीच लिहिलं होतं. बस सुरू करा, स्टॉपवर शेड बांधा, फुटपाथ दुरुस्त करा, पास स्वस्त करा, असं सगळं एकाच कागदावर लिहून खाली दोनशे सह्या घेतल्या. तो कागद वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला. नंतर कळलं की त्या चार मागण्यांचा पैसा वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो, आणि म्हणून तो कागद कोणालाच आपला वाटला नाही.

ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यांत महागाची. पैसा कोणत्या खात्यातून निघणार हे आधी शोधा, मागणी नंतर लिहा. शेड हवं असेल तर खासदार निधी आहे. प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात आणि बस स्टॉपचं शेड त्यात बसतं. पण हा निधी टिकाऊ बांधकामासाठी असतो. ड्रायव्हरचा पगार किंवा डिझेल त्यातून मागाल, तर नकारच येणार. फुटपाथ आणि स्टॉपपर्यंतचा रस्ता नगर निगमाचा, तेव्हा तो अर्ज पार्षदांमार्फत, म्हणजे नगरसेवकांमार्फत, निगमाच्या झोन कार्यालयात द्यायचा. बस चालवणं हे एआयसीटीएसएल (अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस) या कंपनीचं काम. म्हणजे चार मागण्या असतील तर कागदही चार करा.

दुसरी चूक म्हणजे ‘आम्हाला एक बस द्या’ असं म्हणणं. एका बैठकीत मी हेच म्हटलं, तेव्हा समोरचे साहेब शांतपणे म्हणाले, “आंटीजी, बस तो है, किलोमीटर नहीं है.” त्या वाक्याचा अर्थ लागायला मला महिना लागला. सिटी बस बहुतेक वेळा खाजगी ऑपरेटरची असते. अलीकडच्या करारांत त्याला किलोमीटरच्या हिशोबानं पैसे मिळतात, म्हणजे जादा किलोमीटरचे पैसे कुठून आणायचे हा साहेबांचा प्रश्न होता. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेली पीएम ई-बस सेवा हीच पद्धत वापरते. देशभरात १०,००० इलेक्ट्रिक बस, आणि केंद्राची मदत बसच्या लांबीप्रमाणे किलोमीटरला २४, २२ किंवा २० रुपये. त्यावरचा खर्च तिकिटांतून आणि राज्य व शहराच्या तिजोरीतून भागवायचा. तेव्हा मागणी अशी लिहा: अमुक रूटची बस आमच्या चौकापर्यंत वाढवा, एका फेरीला ३ किलोमीटर जादा, सकाळी चार फेऱ्या, संध्याकाळी चार, म्हणजे दिवसाला २४ किलोमीटर. असा आकडा दिला की समोरच्याला लगेच हिशोब मांडता येतो.

त्या हिशोबाला आधार मात्र तुम्हीच द्यायला हवा. ‘लोकांची फार गैरसोय होते’ हे खरंच आहे, पण त्यावर कोणी फेरी वाढवत नाही. तीन दिवस सकाळी सात ते दहा चौकात बसा आणि मॅजिक, ई-रिक्षा, व्हॅनमध्ये किती माणसं चढतात, कुठे जातात, किती भाडं देतात ते वहीत लिहा. आम्ही मोजलं तेव्हा सगळ्यांत जास्त माणसं एम.वाय. हॉस्पिटलकडे जाणारी निघाली. राजवाड्याची बस मागायचं आम्ही मनात धरलं होतं, ते तिथेच बदललं.

शहराची बाजू मांडायला एक आकडा जवळ ठेवा. केंद्रीय शहरी मंत्रालयाच्या निकषात दर हजार लोकांमागे ०.६ बस ही चांगली पातळी धरली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार इंदूरची लोकसंख्या सुमारे २० लाख, म्हणजे त्या वेळच्या हिशोबानंच १,२०० बस हव्यात.

वेळेची चूक तर जवळजवळ प्रत्येक कॉलनी करते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि आपण गुढीपाडव्याच्या मिरवणुकीनंतर जागे होतो. तोवर निगमाच्या बजेटमध्ये पुढच्या वर्षाची तरतूद ठरत आलेली असते. दिवाळीनंतर लगेच पार्षदांकडे जा, डिसेंबरपर्यंत लेखी प्रस्ताव आत गेलेला असू द्या. टेंडरचंही तसंच आहे. लो-फ्लोअर बसची आतली फरशी जमिनीपासून सुमारे ४०० मिलिमीटरवर असतो, जुन्या पद्धतीच्या उंच बसमध्ये ९०० वर. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी हा फरक म्हणजे बसमध्ये चढता येणं किंवा न येणं. पण दहा-बारा वर्षांचा करार झाल्यावर तो बदलत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ४१ सार्वजनिक वाहतूक सर्वांना वापरता येण्याजोगी असावी असं सांगतं. त्याचा उल्लेख टेंडर निघण्याआधीच्या निवेदनात हवा.

मेट्रोबद्दल रागावून बोलणारे पुष्कळ भेटतात: ‘तिथे हजारो कोटी आणि आमच्याकडे एक बस नाही.’ राग मला समजतो. पण मेट्रोचा बराचसा पैसा कर्जाचा आहे, तो सिटी बसकडे वळत नाही. ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवरचा सुमारे ६ किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, पूर्ण मार्ग ३१ किलोमीटरहून थोडा जास्त आहे. इथे विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. २०१७ च्या मेट्रो धोरणात स्टेशनच्या दोन्ही बाजूंना ५ किलोमीटरपर्यंत फीडर सेवा देण्याची हमी राज्याकडून अपेक्षित आहे. आमच्या स्टेशनसाठी ती कुठे आहे, हे विचारा. २०१३ मध्ये सुरू झालेला ए.बी. रोडवरचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेला मार्ग, २०२५ मध्ये काढायला उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली, तेव्हा चर्चा रेलिंग आणि ट्रॅफिकची झाली. त्या मार्गावरच्या आय-बसचे प्रवासी त्या चर्चेत फारसे दिसले नाहीत, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

बैठकीला कोण जातं, हेही बघा. आमच्याकडून नेहमी निवृत्त मंडळीच जायची. सकाळी साडेसहाला घरकामाला निघणाऱ्या ताई, नाइट ड्यूटी करून परतणाऱ्या नर्सबाई, कोचिंगची मुलं तिथे कधीच नसायची. मंगळवारच्या जनसुनवाईला आल्या तर त्यांची एका दिवसाची मजुरी बुडते. आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन त्यांचा रस्ता, वेळ आणि खर्च त्यांच्या शब्दांत लिहून न्या.

काम अडलं तर काय? तोंडी आश्वासनावर घरी परतू नका, आवक क्रमांकाची पावती घ्या. तीस दिवसांत हालचाल नसेल तर १८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. उत्तर समाधानकारक नसताना ती बंद करायला होकार देऊ नका. तरीही दाद लागली नाही तर १० रुपये भरून माहितीचा अधिकार वापरा. अर्जात ‘का नाही’ विचारू नका, कागद मागा: आमच्या रूटचे करारातले किलोमीटर किती, गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती झाले, रद्द फेऱ्या किती. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

बस सुरू झाली आणि दोन महिन्यांत बंद पडली, हे दुखणंही ओळखीचं आहे. कारण सांगितलं जातं, ‘सवारी नहीं है.’ आमच्या स्टॉपसमोरच्या किराणा दुकानात आता एक वही दोरीला बांधलेली आहे. बस आली की वेळ लिहायची, नाही आली तर समोर फुली मारायची. गेल्या वेळी ‘सवारी नहीं है’ ऐकलं, तेव्हा आम्ही ती वही टेबलावर ठेवली. सात वाजून दहाच्या फेरीसमोर सलग अकरा फुल्या होत्या.