लेक 'मी काळी आहे' म्हणाली तर

माझी लेक सहा वर्षांची असताना स्वतःचं चित्र रंगवत होती. चेहऱ्यासाठी तिने फिकट गुलाबी खडू उचलला. "हाच स्किन कलर आहे ना!" मी गप्प बसले. ते चुकलंच.

तुम्ही गप्प बसू नका. "नाही गं, तू गोरीच आहेस" असंही म्हणू नका. काळं असणं वाईट, एवढंच तिला त्यातून कळतं. तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवा. तपकिरी, पिवळा, किंचित लाल खडू एकावर एक घासत दोघींचा रंग शोधा. आम्हाला चार कागद लागले.

'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढलं, पण लग्नाच्या जाहिरातींत 'गोरी' अजून आहे. म्हणून आजी-मावशांना आधीच सांगा: "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील" हे पोरीसमोर बोलायचं नाही.