कोर्स फुकट, पण फॉर्म दोन

एनपीटेल (कॉलेजचे कोर्स ऑनलाइन शिकवणारा उपक्रम) आणि स्वयम (असे कोर्स जिथे चालतात ते सरकारी पोर्टल) यांची याहून जास्त ओळख करून देत बसत नाही. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने (भारतीय विज्ञान संस्थेने) २००३ मध्ये एनपीटेल सुरू केलं, २०१७ मध्ये स्वयम आलं, आणि गोव्यातल्या वाळपईत बसून मद्रास आयआयटीच्या प्राध्यापकाचा अख्खा कोर्स एक पैसाही न देता ऐकता येऊ लागला.

आता माझा पाय जिथे अडकला ते. कंटाळा आला तरी हा भाग वाचा. कोर्सला नाव घालणं आणि परीक्षेला नाव घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्सला एनरोल केलं की व्हिडिओ दिसतात, दर आठवड्याला असाइनमेंट उघडते, गुण जमा होतात. सगळं सुरळीत चाललंय असंच वाटतं. परीक्षेचा फॉर्म मात्र वेगळा, त्याची मुदत वेगळी आणि शुल्क तिथेच लागतं. ही मुदत कोर्स संपण्याच्या कितीतरी आधी संपते. जुलैचं सत्र असेल तर चवथीची (गणेशचतुर्थीची) धामधूम याच दिवसांत. घरात माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, त्यात मेल कोण उघडतो? तारीख गेली की गेली. सगळ्या असाइनमेंट पुऱ्या केल्या तरी प्रमाणपत्र मिळत नाही. आणि फॉर्म भरला म्हणजे झालं असंही समजू नका. पैसे जमा झाल्याची पावती हातात येईपर्यंत तो भरलेलाच नाही. पोर्टलवर परत जाऊन बघा. मग दुसऱ्या दिवशी परत बघा.

क्रेडिटचंही, म्हणजे कोर्स पदवीत धरला जाण्याचंही, तेच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घ्यायला वाट दिली, पण कुठला कोर्स धरायचा ते तुमचं कॉलेज ठरवतं. विभागप्रमुखांची मान्यता आधी घ्या, तीही लेखी. तोंडी ‘हो, बघूया’ला सत्र संपल्यावर कोणी विचारत नाही.

टेलिग्रामवर दर आठवड्याची उत्तरं फिरतात. माझं स्पष्ट मत: तो ग्रुप आजच सोडा. नेहमीच्या कोर्सला असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात, आणि दोन्हीकडे वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं: २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. उतरवलेले पंचवीस परीक्षेच्या खोलीत काही कामाचे नाहीत. बारा आठवड्यांच्या कोर्सला चांगल्या आठच असाइनमेंट धरतात, म्हणजे चारांवर पाणी सोडलं तरी चालतं. मग चोरी कशाला?

मराठी शाळेतून आलात आणि पहिल्या व्याख्यानातलं इंग्रजी डोक्यावरून गेलं, तर घाबरू नका. सगळ्यांचं जातं. व्याख्यानांचा लिखित मजकूर मिळतो, काही कोर्सना तो मराठीतही आहे. तो डाउनलोड करून छापून ठेवा. पावसात आमच्या सत्तरी तालुक्यात वीज गेली की व्हिडिओ बंद पडतो, पण छापलेली पानं मेणबत्तीवरही वाचता येतात. (मी तर आधी मजकूर वाचते, मग व्हिडिओ बघते. दुप्पट वेगाने व्हिडिओ पळवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.)

मेंटॉर म्हणून मोठ्या हुद्द्याचा माणूस शोधू नका. तो तुम्हाला ‘मेहनत करा’ म्हणेल. गेल्या वर्षी तोच कोर्स पास झालेली एखादी ताई गाठा, कुठला आठवडा कठीण ते तीच सांगेल.

परीक्षा घरून होत नाही, केंद्रावर जावं लागतं. जवळच्या केंद्रावरच्या जागा भरायच्या आत फॉर्म भरा. सकाळचं सत्र ९ वाजता सुरू होतं आणि त्याच्या बरंच आधी पोचावं लागतं, त्यामुळे वाळपईहून पणजीला जायचं असेल तर कदंबच्या पहिल्या बसची वेळ आदल्या दिवशी स्टँडवर विचारून ठेवा. हॉल तिकीट छापून घ्या आणि ओळखपत्र मूळचंच न्या, मोबाईलमधला फोटो दाखवून आत सोडत नाहीत.