मँडोलिन घेताय? आधी बारावा फ्रेट तपासा

इंदूरला मध्यम किमतीचं मँडोलिन बघत असाल तर एफ स्टाइलच्या त्या वळणदार नक्षीला भुलू नका, त्याच पैशात साधं, बिननक्षीचं ए स्टाइल बरेचदा जास्त चांगलं मिळतं. वरची पाटी सॉलिड स्प्रूसची, म्हणजे प्लाय नसलेल्या अस्सल स्प्रूस लाकडाची आहे का विचारा, आणि साउंडहोलच्या, म्हणजे पाटीवरच्या भोकाच्या कडेला प्लायचे थर दिसतायत का ते स्वतः वाकून बघा. मग ट्यूनर अ‍ॅप लावून तारांची प्रत्येक जोडी आधी मोकळी छेडा, नंतर बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी) दाबून, सूर बरोब्बर एक सप्तक वर यायला हवा. नाही आला तरी लगेच नापास नका करू, ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी, बहुतेक चिकटवलेला नसतो, दुकानातच सरकवून जुळवून घ्या, पण मान वाकलेली असेल तर सरळ सोडून द्या. आणि मँडोलिन ठेवायची पेटी, म्हणजे केस, घ्याच हो, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात सॉलिड पाटी तडकू शकते.