लग्नाच्या अल्बममधील दुरुस्त्या आटोक्यात कशा ठेवाव्यात

तुळशीचे लग्न लागले की पुण्यातील कार्यालये आणि सिंहगड रस्त्यावरची लॉन्स भरू लागतात आणि काही आठवड्यांतच अल्बम डिझाइन करणाऱ्यांकडे दुरुस्त्या साचू लागतात. माझ्या अनुभवात यांतल्या फार थोड्या दुरुस्त्या मांडणी आवडली नाही म्हणून येतात. बहुतेक माणसांविषयी आणि क्रमाविषयी असतात. अंतरपाटामागे उभे असलेले मामा एकाही पानावर नाहीत, सप्तपदी लाजाहोमाच्या आधी लागली आहे, आजीचा फोटो कोपऱ्यात लहान पडला आहे, अशा या तक्रारी असतात आणि त्या रास्तही असतात. म्हणूनच दुरुस्त्यांची निम्मी तयारी पहिली शीट, म्हणजे अल्बमच्या समोरासमोरच्या दोन पानांची जोडी, उघडण्यापूर्वी करावी.

निवडीसाठी फोटो देताना कॅमेऱ्याने दिलेली नावे तशीच ठेवू नयेत. दोन कॅमेरे वापरले असतील तर एकाच क्रमांकाचे दोन फोटो निघू शकतात आणि अनेक कॅमेऱ्यांची मोजणी 9999 नंतर पुन्हा 0001 पासून सुरू होते. सगळे फोटो काढल्याच्या वेळेनुसार लावून ‘हळद 014’, ‘कानपिळी 003’ अशी विधीवार नावे द्यावीत. असे केले म्हणजे ‘निळ्या शालूतल्या काकूंचा तो दुसरा फोटो’ असा निरोप येत नाही, थेट क्रमांक येतो.

निवड हातात आली की दोन्ही घरांकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: अल्बममध्ये असायलाच हवीत अशा व्यक्तींची यादी, आणि त्यांच्या घरच्या पद्धतीनुसार विधींचा क्रम. क्रम आपल्याला ठाऊक आहे असे गृहीत धरू नये, कारण घराघरांत तो बदलतो. त्याच वेळी बदल कळवण्यासाठी मुलीकडून एक आणि मुलाकडून एक अशा दोनच व्यक्तींची नावे ठरवून घ्यावीत. एक घर कोथरूडला, दुसरे चिंचवडला आणि नवे जोडपे परदेशात अशी स्थिती असेल तर हे ठरवून घेतल्याशिवाय काम हाती घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाहीतर सकाळी काकूंनी काढायला सांगितलेला फोटो संध्याकाळी सासरेबुवा परत मागतात आणि दोघांनाही एकमेकांचे बोलणे माहीत नसते.

पहिला मसुदा कमी रिझोल्यूशनच्या पीडीएफमध्ये पाठवावा आणि प्रत्येक शीटवर तिचा क्रमांक ठळक लिहावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच जोडावी, कारण फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा दाबली जाऊन धूसर होते आणि मग नसलेल्या दोषाची तक्रार येते. सोबत असा मजकूर द्यावा: ‘ताई, मसुदा पाठवला आहे. घरातील सर्वांनी पाहून झाल्यावर सर्व बदल एकत्र, शीट क्रमांकासह, रविवारपर्यंत कळवावेत. ठरलेल्या रकमेत बदलांच्या दोन फेऱ्या आहेत. त्यापुढील बदलांना शीटप्रमाणे आकार पडेल.’ अर्थात ही अट काम घेतानाच सांगितलेली असावी. ती पहिल्यांदा या निरोपात आली तर ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते आणि त्यात त्यांची चूक नसते.

बदल तरीही बोलून पाठवलेल्या संदेशांतून येतात. ते ऐकून शीटवार लिहून काढावेत आणि ‘हेच बदल आहेत ना?’ असे विचारून होकार आल्यावरच फाइल उघडावी. आपल्या हातून झालेली चूक, म्हणजे राहिलेला फोटो किंवा चुकलेला क्रम, फेरीत कधीही मोजू नये. रंगाविषयीच्या तक्रारीवर फोनवर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक मोबाइलचा पडदा रंग वेगळे दाखवतो. त्या शीटमधील एक फोटो छपाईच्या लॅबमधून लहान आकारात छापून आणावा आणि तो समोर ठेवून बोलावे. हळदीच्या फोटोंबाबत तर हे आधीच करावे, कारण तिथे त्वचेवर पिवळी झाक येते आणि ती किती ठेवायची हे घरच्यांनीच ठरवलेले बरे.

फोटोशॉपमध्ये प्रत्येक फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ प्रतिमा जशीच्या तशी जपणारा थर) म्हणून ठेवला तर तो लहान-मोठा करताना मूळ प्रतिमेचा दर्जा उतरत नाही आणि जागच्या जागी बदलताही येतो. 12 गुणिले 36 इंचांची शीट 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) 3,600 गुणिले 10,800 पिक्सेलची होते. बदल करताना चेहरा मधल्या घडीवर किंवा कडेच्या कापात जात नाही ना, हे दरवेळी नव्याने पाहावे. प्रत्येक फेरीची फाइल वेगळी जपावी, कारण ‘आधीचेच बरे होते’ हे वाक्य हमखास येते.

मुखपृष्ठावरील नावे ग्राहकाकडून टाइप करून घ्यावीत; ऱ्हस्व-दीर्घ आपल्या अंदाजाने लिहू नयेत. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत वर्ल्ड-रेडी लेआउट ही मजकुराची सेटिंग निवडलेली नसेल तर जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटतात. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीच्या श्रीलिपी या सॉफ्टवेअरमधील जुने फॉन्ट वापरत असाल तर ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे अक्षरे बदलून दिसतात, म्हणून लॅबला फाइल देण्यापूर्वी मजकूर ‘कन्व्हर्ट टू शेप’ने आकृतीत बदलून टाकावा.

अंतिम मंजुरी तोंडी घेऊ नये. काही वर्षांपूर्वी मी फोनवरच्या ‘चालेल, छापा’ या शब्दांवर अल्बम छापायला दिला आणि बांधून आल्यावर लक्षात आले की दुसऱ्या फेरीत कानपिळीची शीट काढली गेली होती. नवरीचा एकुलता एक भाऊ अल्बममध्ये कुठेच नव्हता. फ्लश माउंट पद्धतीत शीट पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या असतात, त्यामुळे मध्येच एक शीट घालता येत नाही, आणि तो संपूर्ण अल्बम मला स्वखर्चाने पुन्हा करावा लागला. तेव्हापासून शेवटची पीडीएफ पाठवताना मी सुरुवातीला घेतलेली व्यक्तींची यादीही परत पाठवतो, प्रत्येक नावापुढे शीट क्रमांक लिहून, आणि दोन्ही घरांचा लेखी होकार आल्यावरच फाइल लॅबकडे देतो.